काळजाचा वाटा

बदकतात्यांची चाल बदकासारखी आणि धंदाही बदकांचाच, त्यामुळे नाव आयतंच चिकटलं. तळ्यावर मासे आणि रानबदकं धरायची, निम्मी विकायची, निम्मी घरात शिजवायची, असं चाळीस वर्षं चाललं होतं. बायको गेल्यापासून घरात ते आणि लेक. जावई बोटीवर कामाला. लेक जाळी विणायची आणि तिला सातवा महिना लागला होता.

वाटणी ठरलेली. सगळ्यात मोठ्या माशाचा मधला तुकडा लेकीला, बदकाचं काळीजही लेकीला. तात्यांच्या ताटात बोटभर लांबीचे, काट्यांनी भरलेले मासे. "तात्या लेकीसाठी काळीज काढून देतील," असं शेजारीण म्हणायची. तात्या लगेच म्हणायचे, "देतोच की, रोज!"

मग लेकीच्या गाठी सुटायला लागल्या. अख्खं जाळं विणून व्हायचं आणि पाण्यात उसवायचं.

"लक्ष कुठंय तुझं?" तात्या खेकसले.

"बोटांना दोराच कळत नाही, बाबा."

पोटुशी बाईला अशक्तपणा यायचाच, असं ठरवून शहाण्या तात्यांनी तिला आणखी मोठा तुकडा वाढला.

पुढं दवाखान्यातली नर्स वस्तीतल्या सगळ्यांचे केस कापून तपासायला घेऊन गेली. वरच्या अंगाला एक कारखाना बंद पडला होता, त्याचा पारा तळ्याच्या गाळात उतरला होता म्हणे.

"माझा पारा तर रोजच चढतो, त्यात नवीन काय?" तात्या म्हणाले. सगळे हसले.

रिपोर्ट आले. इतकी वर्षं खाल्लंय, केसांतल्या पाऱ्याचा आपलाच आकडा सगळ्यांच्या वर जाणार, अशी तात्यांना धास्ती होती. त्यांचा जेमतेम निघाला. लेकीचा पाचपट.

"मोठा मासा लहान मासे खातो," नर्स म्हणाली. "त्या सगळ्यांचा पारा त्याच्यात साठतो. बदकाच्या काळजातही साठतो. तुमच्या घरात हे कोण खातं?"

तात्यांनी लेकीकडं पाहिलं. लेकीनं विचारलं, "बाळाचं काय?"

"आत्ता नाही सांगता येणार. जन्मल्यावर बघत राहावं लागेल. मोठे मासे आणि बदकं बंद. लहान मासे चालतील, आठवड्यातून एकदा."

घरी येताना रडू येईल असं तात्यांना वाटलं होतं. आलं नाही. आपल्याच हातानं वाढलं, एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि तेही दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं. त्यांनी बोटभर मासे शिजवले, दोन ताटं घेतली आणि सवयीनं मोठा तुकडा शोधायला पळी भांड्यात घातली. मोठा तुकडा नव्हताच. पळी तशीच हातात राहिली.

लेकीनं एक मासा घेतला. काटे तिच्या बोटांना लागेनात. तात्यांनी तिचं ताट ओढून घेतलं आणि ती लहान असताना काढायचे तसे एकेक काटा काढू लागले.

"बाबा, मी खाल्लं तेच बाळाला मिळालं ना?"

"हो," तात्या म्हणाले, आणि पुढचा काटा शोधू लागले.