बाहीवरची पाचवी पट्टी

एसी मिस्त्रीला सगळे ‘गारेगार’ म्हणत. ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याने नक्कीच खोडी काढली होती, कारण दुसऱ्यांची घरं थंड करता करता या माणसाचं स्वतःचं डोकं पस्तीस वर्षं तापलेलंच होतं. एसीच्या तोंडावर कुणी ओले मोजे वाळत घातलेले दिसले, तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण काम चोख. त्यामुळे लोक त्याची बोलणी निमूटपणे ऐकून घेत आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच बोलावत.

थंडी तोंडावर आली की त्याला दम खायला फुरसत नसे. रिमोटचं बटण दाबलं म्हणजे एसी हिवाळ्यापुरता बंद झाला असं नसतं, हे तो दर घरी ऐकवायचा. तो यायच्या आधी अर्धा दिवस नुसता पंखा चालवून आतली ओल सुकवायची, ही गिऱ्हाइकाची जबाबदारी. मग तो जाळ्या धुवायचा, पाण्याची नळी फुंकून मोकळी करायचा, रिमोटमधले सेल काढून हातात द्यायचा. त्यानंतर खिडकीतून बाहेर उतरून भिंतीवरच्या आउटडोअर युनिटला ताडपत्री बांधायचा, खालून वाऱ्यापुरती फट ठेवून. आणि सगळ्यात शेवटी एसीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला त्याचा मुख्य खटका, खाली पाडायचा. गारठ्यात कुणी उबेसाठी एसी चालू केला, तर ताडपत्रीत कोंडलेला कॉम्प्रेसर जळायला वेळ लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका घरी तो नेमका हा एमसीबीच पाडायला विसरला होता. कॉम्प्रेसर गेला. गारेगारला ते फार लागलं. तेव्हापासून त्याने युक्ती काढली. एमसीबी पाडला की त्यावर लाल टेपची पट्टी चिकटवायची, आणि तशीच एक आपल्या डाव्या बाहीवर. संध्याकाळी तो शर्ट काढून हातपाय धुवायला गेला की बायको पट्ट्या मोजायची. जितकी घरं तितक्या पट्ट्या. ‘ज्या दिवशी पट्टी कमी भरेल त्या दिवशी हत्यारं माळ्यावर टाकीन,’ असं तो तिला छातीठोकपणे सांगून बसला होता. खरं तर तो घाबरला होता. त्याचा थोरला भाऊ असाच आधी किल्ल्या, मग पत्ते विसरू लागला आणि शेवटी सख्ख्या बायकोला ‘तुम्ही कोण?’ म्हणाला.

त्या दिवशी घरं पाच होती. तो तोंड पुसत बाहेर आला तेव्हा बायको शर्ट हातात धरून उभी होती. “चारच आहेत,” ती म्हणाली.

त्याने बाही उलटी केली, सुलटी केली. पिशवी पालथी घातली. स्कूटरची सीट उचलून पाहिली. टेप असा तसा सुटणारा नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? बायको म्हणाली, राहू दे, उद्या बघा, आधी दोन घास खा. ते ऐकून तो आणखीच पिसाळला. घास कुठला उतरतोय?

त्याने फोन लावायला सुरुवात केली. बँकेतल्या कॅशियरने स्टुलावर चढून पाहिलं आणि पट्टी आहे म्हणाला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटला तसंच तोंड उघडं ठेवायला सांगून पाहिलं. नव्या जोडप्याने हसत हसत फोटोच पाठवला. शिंप्याच्या घरी एमसीबी कशाला म्हणतात इथून सुरुवात झाली, पण पट्टी तिथेही निघाली. राहिल्या एकट्या मास्तरीणबाई. सत्तरी उलटलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या, आणि फोन उचलत नव्हत्या.

गारेगारने स्कूटर काढली. वाटेभर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासूनचा दिवस तो पुन्हा पुन्हा आठवून पाहत होता. शिंप्याकडे चहा घेतला की सरबत? डॉक्टरीणबाईंचा पडदा निळा की हिरवा? एखादी गोष्ट आठवली नाही की थोरला भाऊ डोळ्यांपुढे येई, आठवली की ती कालची तर नव्हे, असं वाटे. दोन सिग्नल त्याने पाहिलेच नाहीत.

मास्तरीणबाईंनी दार उघडलं तसा तो चपला न काढताच आत घुसला. एमसीबी खाली होता. त्यावर लाल पट्टी होती, सरळ, नीट दाबून लावलेली.

म्हणजे पाचही घरं ठीक होती. आणि तरी बाहीवर चारच. मग हात विसरला की डोकं? तो मटकन खुर्चीवर बसला आणि आयुष्यात कधी गिऱ्हाइकापुढे बोलला नव्हता ते सगळं बोलून मोकळा झाला. थोरल्या भावाचंसुद्धा.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “मिस्त्री, मघाशी इथून निघालात तेव्हा तुमच्या बाहीवर पाच होत्या,” त्या म्हणाल्या. “मी मोजल्या. चाळीस वर्षं वर्गात पोरं मोजली, सवय जात नाही.”

बाईंचं घर त्या दिवशीचं शेवटचं. तिथून तो थेट घरी गेला होता, आणि घरी शर्टाला हात लावणारं माणूस एकच होतं.

परतताना त्याला हायसं वाटलं आणि त्याच दमात रागाने कानशिलं तापली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याने एवढंच विचारलं, “पट्टी कुठंय?”

बायकोने साखरेच्या डब्याचं झाकण उलटं केलं. आतून पट्टी चिकटवलेली होती.

“मला वेड लागलंय असं वाटलं मला,” तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “पट्टी कमी भरली की हत्यारं माळ्यावर जातील असं वाटलं. गेल्या आठवड्यात मी बाजारातून येताना तुम्हाला पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, एक पाय सज्ज्यावर, एक हवेत. कमरेला दोरी नाही.”

तो म्हणाला, त्या दिवशी घाईत राहिली असेल, एरवी बांधतोच. तिने कोपऱ्यातल्या पिशवीतून दोरी काढून त्याच्यापुढे ठेवली. पाच वर्षांपूर्वी घेतलेली. दुकानदाराने वेटोळ्याला मारलेली सुतळीची गाठ अजून तशीच होती.

“आज दोन तास तुमचा जीव टांगणीला लागला,” ती म्हणाली. “माझा रोज सकाळी नऊपासून असतो. पट्ट्या मोजते त्या तुमचं काम बघायला नाही. तुम्ही आलात, एवढंच मोजते.”

त्याला लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. तो जमिनीवर बसून गाठ सोडवू लागला. सुतळी घट्ट बसली होती, नखं दुखली. बायकोने पुढे केलेली कात्री त्याने घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी घरं तीन होती. तो हातपाय धुऊन आला तेव्हा बायको शर्ट उजेडात धरून परत परत मोजत होती.

“सहा कशा?” तिने विचारलं.

“तीन एमसीबीच्या,” तो म्हणाला, “तीन दोरीच्या.” आणि भूक लागलीय म्हणून तिच्यावर खेकसला.