नाटकात नसलेली मुलगी

गंगूबाई गेल्याचं मागच्या महिन्यात तिच्या दिराने येऊन सांगितलं. तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. मुलांनो, तुम्ही इतक्या लांब वाढलात, तुम्हाला ती ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तिच्याविषयी मला कोणाला तरी सांगायला हवं...

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी मी रामदासपेठेतल्या आपल्या घरी बायकांचा वर्ग सुरू केला. महिन्यातून एकदा बायकांच्या आयुष्यावरचं नाटक मिळून बघायचं आणि पुढच्या बुधवारी दुपारी त्यावर बोलायचं. वकिलांच्या, कारकुनांच्या बायका येत. गंगूबाई एकटी कोष्ट्याची, विणकराच्या घरातली. लुगडी विकायला यायची, तशीच एकदा बसली आणि मग येतच राहिली. सकाळभर हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून महाल वस्तीतून चालत यायची.

नियम माझा, कॉलेजातल्या इंग्रजी वादसभेतून उचललेला: बोलायचं ते नाटकातल्या बाईविषयीच, घरचं काही काढायचं नाही. नाहीतर तक्रारींतच दुपार जाईल, अशी मला भीती.

त्या बुधवारी नाटकातल्या बाईने नवऱ्याचं घर सोडावं की नाही, यावर चर्चा रंगली होती. कधी न बोलणारी गंगूबाई मध्येच म्हणाली, "बाई, तिची पोर मार खाऊन माहेरी आली, अन् बाप पोरीले वापस धाडून राहिला. काहून धाडते तो?"

नाटकात मुलगीच नव्हती. कोणीतरी म्हणालं, "झोपून राहिली होती का वं गंगू?" सगळ्या हसल्या. मीही हसले. "गंगूबाई, नाटकात आहे तेवढंच बोला," मी म्हटलं. तिने मान हलवली, पदर सारखा केला.

माझा नियम पाळूनच तिने विचारलं होतं, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तिची लेक शांता त्या दुपारी घरीच होती. दुसऱ्या सकाळी बाप तिला सासरी पोचवणार होता. घरात गंगूबाईचं कोण ऐकणार? वर्गातल्या वकिलीणबाईंनी नवऱ्याकरवी निरोप धाडला असता, तर बाप थांबला असता... कदाचित. त्याच पंधरवड्यात शांता सासरच्या विहिरीत सापडली.

मी तिच्या घरी गेले. तिनेच मला पाणी दिलं. म्हणाली, "तुमाले कसं मालूम राहीन, बाई."

त्यानंतरही ती दहा वर्षं प्रत्येक वर्गाला आली. बोलली मात्र कधीच नाही.

वर्ग अजून चालतो. चर्चा संपली की मी विचारते, नाटकात नसलेलं कोणाला काही बोलायचं आहे का... बायका एकमेकींकडे बघतात आणि चपला शोधायला उठतात.