डावीकडून येणारा

आई गेल्यापासून माझा धाकटा भाऊ पांढुर्ण्याला एकटाच राहायचा. मी सौंसरच्या शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की बसनं त्याच्याकडे जायची आणि सोमवारी सकाळी तो मला मोटरसायकलवर परत आणून सोडायचा. घरी बसून कॉम्प्युटरवर तो एका अमेरिकन कंपनीचं काम करायचा. तिथल्या लोकांशी बोलता बोलता त्याला त्यांच्या, चेंडू हातानं फेकायच्या फुटबॉलचं वेड लागलं. हिवाळ्यात सोमवारी उजाडायच्या आत टीव्हीवर सामना सुरू व्हायचा. मी चहा करून, शाल गुंडाळून त्याच्याशेजारी बसायची.

मला ती नुसती झोंबाझोंबी वाटायची.

"हा मधात उभा आहे न ताई, हा क्वार्टरबॅक. सगळा खेळ याच्या हातातून निघते."

"म्हणजे ज्याचा हात जोरदार, तो चांगला?"

"नाही वं. हात तर इथं सगळ्यांचेच जोरदार. एवढी आडदांड माणसं अंगावर धावून येऊन राहिली, अन् हा त्यांच्याकडे पाहतच नाही. दूर पाहून राहिला. आपला माणूस आता कुठं आहे ते नाही, घडीभरानं कुठं असन, तिथं चेंडू टाकते. जो येणाऱ्याले पाहून घाबरला, तो संपला."

मग त्यानं उठून उभं राहून दाखवलं. उजव्या हातानं फेकायला वळलं की पाठ डावीकडे होते. त्या बाजूनं कोण येतंय ते दिसत नाही, म्हणून तिथं राखण करायला संघातला सगळ्यात भक्कम माणूस ठेवतात. "त्याच्यावर भरोसा ठेवता आला पाहिजे. सारखा मागं वळून पाहणारा क्वार्टरबॅक काही कामाचा नाही."

हळूहळू मलाही खेळ कळायला लागला. एका सोमवारी पडद्याच्या डाव्या कडेनं एक धिप्पाड खेळाडू राखणदाराला चुकवून सुसाट निघाला. मी ओरडले, "अरे, आला, आला!"

"कोण?" भाऊ म्हणाला.

तेवढ्यात क्वार्टरबॅक खाली कोसळला. भाऊ दचकला. "हा कुठून आला बाप्पा?"

मला वाटलं, झोप झाली नसेल. पण त्याच सकाळी, निघण्याआधी न्याहारी करताना त्यानं विचारलं, "ताई, चटणी नाही केली का आज?" चटणी त्याच्याच ताटात होती, डाव्या बाजूला. मी बोटानं दाखवली. त्याला मान वळवावी लागली. दारातून आत येताना त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटायचा, आणि तो हसून चोळत पुढे जायचा.

"डोळे दाखवून ये."

"डोळ्याले काय झालं माझ्या? टीव्ही चांगला दिसते."

पुढच्या सोमवारी धुकं होतं. आमची मोटरसायकल सौंसरजवळ आली होती. डावीकडच्या संत्र्याच्या बागेतून क्रेट भरलेला ट्रॅक्टर हळूहळू रस्त्यावर येत होता. मला तो केव्हाचा दिसत होता. भावानं वेग कमी केला नाही. तो समोर पाहत शांतपणे चालवत होता, जणू रस्ता मोकळाच होता. मी त्याचा खांदा गच्च धरून किंचाळले. गाडी घसरली, आम्ही दोघं रस्त्याच्या कडेच्या गवतात पडलो. ट्रॅक्टरवाला शिव्या देत उतरला आणि आमच्याकडे पाहून गाडी उचलायला धावला.

मी भावाला म्हटलं, "तुले तो दिसलाच नाही न?"

तो मान पूर्ण वळवून ट्रॅक्टरकडे पाहत राहिला. गुडघ्यातून रक्त येत होतं, तिकडेही त्याचं लक्ष नव्हतं. मग म्हणाला, "नाही. तिथं काहीच नव्हतं ताई."

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला एक-एक डोळा झाकायला लावून दोन्ही बाजूंना बोटं धरली. डावीकडचं बोट त्याला कोणत्याच डोळ्यानं सांगता आलं नाही. "डोळे ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे पाहून डोक्याचा एमआरआय लिहून दिला. मेंदूच्या उजव्या बाजूला, मागे गाठ निघाली. डावीकडचं सगळं तिनं गिळलं होतं. गेलेल्या जागी अंधार दिसत नाही, म्हणून माणसाला काही गेल्याचं कळतच नाही, असं त्यांनी समजावलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, डावीकडची नजर परत आली नाही. मी त्याला सौंसरला आणलं. मोटरसायकल विकून टाकली. आता तो मान वळवून वळवून घरात वावरतो. सामना मात्र पाहत नाही. मीच एकदा लावला, तर म्हणाला, "बंद कर."

तपासणीसाठी आम्हाला अधूनमधून नागपूरला जावं लागतं. मागच्या वेळी डॉक्टरांनी नव्या एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिली. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं हळू आवाजात बोलले. आम्हाला म्हणाले, "पुढच्या तपासणीला थोडं लवकर या."

बसमध्ये भाऊ खिडकीशी बसला होता.

"काय म्हणाले ते दोघं?" त्यानं विचारलं.

"मले नाही ऐकू आलं," मी म्हणाले.

मला ऐकू आलं होतं.