आईने धुतलेला स्पंज

"हे तुझं काम नाही" असं कोणी म्हटलं की ते काम माझंच होऊन बसतं. हा स्वभाव मी आईकडून घेतला आहे आणि तो सोडायचा माझा विचार नाही. आई सातपाटीत बोंबील वाळवते. मी रोज स्कूटरवरून तारापूरच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जाते. गावात मला 'केमिकलवाली' म्हणतात आणि कारखान्यात 'मच्छीवाली'. दोन्ही खरंच आहे, तेव्हा मी दोन्ही नावांना ओ देते.

त्या वर्षी दिवाळीनंतर आईचे बोंबील दोनदा परत आले. पालघरचा एक व्यापारी कित्येक वर्षं तिच्याकडूनच सुका माल उचलायचा. त्याने टोपलीतला एक बोंबील मोडला, नाकाशी नेला आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्याने म्हणाला, "मावशी, याला डिझेलचा वास मारतोय." दुसऱ्या खेपेला तर त्याने बोंबील मोडायचीही तसदी घेतली नाही.

"आजून एकदा माल परत आला ना, तर मी काठ्या उतरवीन," आई मला म्हणाली. "वाळवायचं बंद."

काठ्या म्हणजे ज्या बांबूंवर बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात त्या. पावसाळा सोडला तर आमच्या अंगणातल्या काठ्या उतरलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. आई रडली असती तर मला कमी भीती वाटली असती. ती शांतपणे बोलत होती.

वास कुठून येतो हे शोधायला काही शास्त्रज्ञ लागत नाही. बोटीच्या पोटात, इंजिनखाली पाणी साचतं. त्यात डिझेल आणि काळं ऑइल मिसळतं. खलाशी ते पंपाने खाडीत सोडतात, आणि तिथून चार पावलांवर बायका त्याच पाण्यात बोंबील धुतात. पाण्यावरची रंगीबेरंगी साय सगळ्यांना दिसत होती. गावातली माणसं म्हणायची, हा कारखान्यांचा प्रताप. कारखान्यातले साहेब म्हणायचे, हा बोटवाल्यांचा प्रताप. दोन्हीकडची बोलणी ऐकून माझे कान किटले होते, आणि आईचा माल तेवढा परत येत होता.

यावर एक उपाय मला माहीत होता. साधा स्पंज समोर येईल ते पितो. पण त्याच्या बारीक भोकांना आतून पाण्याला दूर ठेवणारा लेप दिला, तर तो पाण्याला शिवत नाही, फक्त तेल पितो. पिळला की तेल बाहेर, आणि स्पंज पुन्हा कामाला तयार. हे करून बघायला मी साहेबांकडे प्रयोगशाळेतला एक कोपरा मागितला.

"घरचं काम घरी," ते म्हणाले.

बरं, घरी तर घरी. बेटेगावच्या एका गादीवाल्याकडून मी पांढराशुभ्र फोम आणला. मी तो काळा करणार आहे हे ऐकून तो बिचारा हळहळला, "मॅडम, इतने अच्छे फोम को काला क्यों करना है?" खिडकीच्या काचा बसवताना लावतात ते सिलिकॉन मी पातळ केलं, त्यात दिव्याची काजळी कालवली, फोमचे तुकडे त्यात बुडवून पिळले आणि बोंबलांच्याच काठीवर उन्हात टांगले. पहिले चार तुकडे फुकट गेले. पाचवा परातीतल्या पाण्यावर ठेवला तर तरंगायला लागला. त्याच्यावर पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून गेले. मग मी परातीत डिझेल ओतलं. तुकड्याने ते बघता बघता पिऊन टाकलं आणि पाणी तसंच राहिलं.

आईने पाण्यात बोट बुडवून वास घेतला. "तुझा तुकडा आळवाच्या पानासारखा हाय गं, पाणी धरतच नाय," असं म्हणून ती शेजारणींना बोलवायला गेली. मी आनंदाने इतकी वेडी झाले होते की परात घासायची विसरले, आणि त्यावरून नंतर बोलणीही खाल्ली.

माझ्या धाकट्या काकांची बोट आहे. वडील गेल्यापासून आई त्यांचीच मासळी वाळवते. मच्छीमार सोसायटीतल्या दोन वजनदार माणसांना घेऊन रविवारी सकाळी धक्क्यावर येतो, असं काकांनी कबूल केलं. त्यांना पटलं असतं तर ते सगळ्याच बोटींना स्पंज वापरायला सांगणार होते.

रविवारी काकांनी बोटीतलं घाण पाणी बादलीभर काढून आणलं. बायका टोपल्या घेऊन जमल्या. मी पिशवीतून स्पंज काढला. त्याला हळद-कुंकू लावलेलं होतं. मी मनातल्या मनात हसले आणि तो बादलीत सोडला.

स्पंज घटाघटा पाणी प्यायला आणि तळाशी गेला. तेल वर तसंच तरंगत राहिलं.

"आमच्या घरचं फडकंपन एवढं करतं," सोसायटीतला एक जण म्हणाला. सगळे हसले, काकासुद्धा. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "मी धुतला तो."

आमच्याकडे बोटीवर पहिल्यांदा जाणारी वस्तू, मग ते जाळं असो की प्लास्टिकचा डबा, आधी स्वच्छ धुतात आणि मग तिला हळद-कुंकू लावतात. आईला माझा स्पंज काळाकुट्ट दिसला. चार माणसांत लेकीचं हसं नको, म्हणून तिने पहाटे उठून त्याला साबण लावला आणि ब्रशने खसाखसा घासला. काजळी निघाली; हळद-कुंकवाच्या नादात रंग उतरलेला मला दिसलाच नव्हता. साबण भोकाभोकांत जाऊन बसला. साबणाची पाण्याशीही गट्टी आणि तेलाशीही, त्यामुळे स्पंजने पाण्याला सरळ दार उघडून दिलं.

"तुला कोणी सांगितलं होतं धुवायला?" मी ओरडले. "कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

हेच वाक्य मी कारखान्यात स्वतः ऐकून घेतलं होतं. तेच मी सगळ्या गावासमोर आईला ऐकवलं. त्याची लाज मला आजही वाटते.

आईने बादलीत हात घातला, स्पंज काढून पिळला आणि पदर खोचला. "भावजी, चूक माझी हाय," ती काकांना म्हणाली. "पोरीचं काम खोटं नाय. पुढल्या रविवारी परत या."

"वैनी, आमाला दुसरी कामं हायेत," सोसायटीवाला मधेच बोलला.

"मंग मलापन हायेत." आई त्याच्याकडे न बघता काकांशीच बोलत होती. "तुमची बोट हे पाणी खाडीत सोडते ना, तोवर तुमचे बोंबील मी उचलणार नाय. तुमीच धुवा आणि तुमीच टांगा."

आता कोणी हसलं नाही. बोंबील वेळेवर टांगले नाहीत तर त्यांचं काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मागच्या दोघीतिघींनी आपल्या टोपल्या पालथ्या घातल्या आणि त्यांवर बसल्या.

घरी येताना मी आईची माफी मागितली. "ते मंग बघू," ती म्हणाली. "आदी सांग, साबण का नाय चालत?" मी सगळं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं, आणि त्या आठवड्यात माझ्या शेजारी बसून बारा स्पंज केले. पिळण्याच्या कामात तिचा हात माझ्याहून कितीतरी सरस आहे. जुन्या जाळ्याच्या तिने पिशव्या शिवल्या आणि स्पंज त्यांत घातले. हळद-कुंकू आता पिशवीला.

काका रविवारी आले, एकटेच. त्यांच्या इंजिनखाली आम्ही पिशवी सोडली, तर पहिल्याच खेपेला आतले स्पंज तेल सोडून पाणीच प्यायले. खलाशाने सवयीने तिथे धुण्याची पावडर टाकली होती. आईने त्याच्याकडून पुडा मागून घेतला आणि त्याला साबणावर असं काही सुनावलं की मी प्रयोगशाळेत कोणाला इतकं सोपं करून सांगू शकले नसते. दुसऱ्या खेपेला नवी पिशवी सोडली, तेव्हा कॅनमध्ये काळं तेल पिळून निघालं.

खाडी स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही. सोसायटीचा ठरावही अजून झालेला नाही. पण काकांच्या पाठोपाठ आणखी काही बोटींनी पिशव्या नेल्या, आणि बायकांनी धुण्याची जागा त्या बोटींच्या बाजूला हलवली. मध्यंतरी साहेबांनी विचारलं, तुझा तो स्पंज कंपनीच्या प्रदर्शनात ठेवायचा का? मी म्हटलं, "सर, घरचं काम घरी."

व्यापारी पुन्हा आला तेव्हा मी मुद्दाम रजा घेऊन अंगणात बसले होते. काठ्या भरलेल्या होत्या. त्याने एक बोंबील मोडला, नाकाशी नेला, मान डोलावली आणि काही न बोलता टोपलीला हात घातला. आईने टोपली मागे ओढली.

"वास कसला येतो ते आदी सांग."

"बोंबलाचा, मावशी," तो पुटपुटला.

"त्या दिवशी मोठ्यानं बोललास ना? मंग आतापन मोठ्यानं बोल."

शेजारच्या अंगणांतल्या बायका काम थांबवून बघत होत्या. तो बोलला, मोठ्याने बोलला. मग आईने टोपली पुढे सरकवली.