पुलासाठी केलेला अर्ज

गिरणीचा पहिला भोंगा झाला की मी अंघोळ उरकायची आणि दुसरा होण्याच्या आत सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यावर हजर असायची. एवढी धावपळ करूनही शाळेत मात्र मी कधी वेळेवर पोचले नाही.

एकतीस-बत्तीस साल असेल. नवरा गेल्यावर मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि सोलापुरात थोरल्या भावाकडे राहायला आले. जिल्हा लोकल बोर्डानं मला पहिली नेमणूक दिली ती मंद्रूपच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, मुलींच्या शाळेवर. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा मंडप. पटावर सोळा मुली. शाळेसाठी खोली मंजूर झाली आहे, लवकरच बांधून होईल, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

वाटेत एक ओढा होता आणि त्यावर जुना दगडी पूल. पुलाच्या मधल्या कमानीला तडा गेला होता. खाली लाकडी टेकू दिले होते आणि एका वेळी एकच गाडी सोडायची, तीही एकाच बाजूनं, असा हुकूम होता. दोन्ही टोकांना लाल निशाण घेतलेले रखवालदार असत. कापूस निघू लागला की गिरण्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागे आणि आमची मोटार अलीकडे अडकून पडे.

"बाई, उतरना पडता," ड्रायव्हर रोज म्हणायचा. "मोटार खाली करके लेके जाता मैं."

आम्ही उतारू पायी पूल ओलांडून पलीकडे उभे राहायचो. बाकीचे बिड्या ओढत सावलीला बसत. मला बसवत नसे. मी रखवालदाराच्या झोपडीपासून बाभळीपर्यंत आणि बाभळीपासून झोपडीपर्यंत येरझाऱ्या घालायची. गाव तिथून दीड कोस. चालत निघावं तर वाटे, आता निशाण खाली होईल आणि मोटार पुढून निघून जाईल. थांबावं तर ऊन चढत जाई.

"सोडा की आता," मी रखवालदाराला म्हणायची.

"मी काय करू बाई? सा गाड्या हाईत अजून. दोन्हीकडनं सोडलं तर कमान खाली बसंल."

एकदा मात्र राहवलं नाही. मी चालत निघाले. मंडपात पोचले तेव्हा चार मुली बसलेल्या होत्या. एका मुलीचा बाप तिला हाताला धरून बाहेर नेत होता.

"अहो, मी आले आहे," मी म्हणाले. मला दम लागला होता.

"आला व्हय, पर कवा?" तो म्हणाला. रागानं नाही, समजावल्यासारखा. "तुमची वाट बगून पोरी हितं बसत्यात. तिकडं भुईमूग काढायचा हाय. बाई येनार न्हाईत म्हनून समद्यांनी आपापल्या पोरी शेतावर नेल्या."

त्या हंगामात सोळाच्या अकरा झाल्या, अकराच्या सात. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला: हजेरी असमाधानकारक.

तो शेरा माझ्या डोक्यातून जाईना. भावाच्या घरी ताटावर बसले तरी मी मनात अर्जाची वाक्यं जुळवत असायची. शेवटी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. पुलामुळे मोटार, गाड्या, टपाल, आजारी माणसं, शाळा, सगळंच कसं अडतं ते मुद्देसूद मांडलं. गाडीवानांचे अंगठे घेतले, मोटारवाल्याची सही घेतली, रखवालदारानंही इकडेतिकडे बघत अंगठा उठवला. अर्ज बोर्डाच्या कचेरीत मी स्वतः नेऊन दिला.

दोन महिन्यांनी ओव्हरसियर टेप घेऊन आला. कमानी मोजल्या, दगड ठोकून पाहिले. मी पलीकडच्या टोकाला उभी राहून बघत होते. किती आनंद झाला होता मला! त्या दिवशी उशीर झाल्याचंही काही वाटलं नाही.

मग कचेरीतून पत्र आलं. पुलाच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाली होती. बोर्डाकडे वेगळा पैसा शिल्लक नसल्यामुळे मुलींच्या शाळेच्या खोलीसाठी ठेवलेली रक्कम तिकडे वळवण्यात येत होती. कारणही दिलं होतं: सात मुलींसाठी खोलीची निकड दिसत नाही.

मी पत्र हातात घेऊन तशीच कचेरीत गेले. बांधकाम कमिटीचे एक सभासद तिथं बसले होते. वयस्क, सभ्य गृहस्थ. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"मुली सात झाल्या त्या पुलामुळेच," मी म्हणाले. "आणि आता पुलासाठी त्यांचीच खोली काढून घेता?"

"बाई, पुलासाठी अर्ज तुम्हीच केला होता ना?"

"पूल हवाच आहे. पण खोलीच्या पैशानं नको."

"बोर्डाची झोळी एकच आहे. एकीकडे शिवायचं तर दुसरीकडून उसवावं लागतं." त्यांनी पत्र घडी घालून मला परत दिलं. "तुमचा अर्ज मात्र फार चांगला होता. सभेत वाचून दाखवला आम्ही."

मी बाहेर आले. घरी जावंसं वाटेना. भर उन्हात मी तळ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. आपण काही केलंच नसतं तर बरं झालं असतं, हा विचार पुन्हा पुन्हा येत होता.

चार दिवस मी गावात कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर एका मुलीची आई तिला न्यायला आली. शेतावर मजुरी करणारी, एकटी बाई. माझा चेहरा बघून तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, एक बोलू? राग धरू नका. पूल आमाला कुटं अडवतोय? आमी तर हितंच हाव. पूल तुमाला अडवतोय."

"मग काय करू?" मी विचारलं.

"ऱ्हावा की हितंच. माज्या घरात, पुढच्या सोप्यात जागा हाय."

भावाला हे पटलं नाही. "विधवा बाईनं एकटीनं खेड्यात राहायचं? लोक काय म्हणतील?" वहिनीनं मात्र निघताना माझ्या वळकटीत गोधडी आणि लोणच्याची बरणी बांधून दिली.

सुरुवातीचे दिवस जड गेले. अवेळी जाग यायची. उशीर झाला असं वाटून मी उठून बसायची आणि मग आठवायचं, मंडप तर पन्नास पावलांवर आहे. पण दिवस उगवताच मी घंटा द्यायला लागले. शेतावर निघण्याआधी मुलींचा एक धडा होई. दुपारी जेवायला येणाऱ्या मुलींसाठी पुन्हा तासभर बसायची. दिवाळीपर्यंत पटावर एकवीस नावं झाली. पाऊस आला की मंडपात पाणी येई, म्हणून पाटलांनी चावडीची मागची खोली उघडून दिली.

पूल दुरुस्त झाला तेव्हा समारंभ होता. अर्ज करणाऱ्या बाईंनी यावं, त्यांना हार घालायचा आहे, असा निरोप आला. "शाळा चालू आहे," असं सांगून मी निरोप्याला परत पाठवलं. तो गेल्यावर फळ्यावर काय लिहीत होते ते मला आठवेना. मुलींनीच सांगितलं.

चार वर्षांनी माझी बदली अकलूजला झाली. माझ्या जागी आलेली तरुण शिक्षिका सोलापूरहून रोज मोटारीनं येई आणि वेळेवर पोचे. तिला पुलाजवळ कधी उतरावं लागलं नाही. पूल झाला हे चांगलंच झालं, हे मला कबूल करावं लागलं, जरी त्या दिवशी हार घालून घ्यायला मी गेले नव्हते. तिच्या पत्रात लिहिलं होतं, की चावडीची खोली आता मुलींना पुरत नाही, काही जणी पायरीवर बसतात.

मी अकलूजहून बोर्डाला शाळेच्या खोलीसाठी अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं दुसरा लिहिला.