चार आणि वर जरासं

अजाबराव गेल्याची बातमी मला न्हाव्याने दिली, तीही अर्धी दाढी झाल्यावर. "मास्तर, तुमचा दोस्त गेला ना सकाळी. खामगाव रोडचा मिस्त्री." वस्तरा गळ्यावर होता, त्यामुळे मान हलवता येईना, बोलता येईना... ती माझी सोयच झाली. कारण पहिल्यांदा जे वाटले ते दुःख नव्हते. हायसे वाटले. पाचवीपासूनचा मित्र गेला आणि मला हायसे वाटले. दीड महिन्यानंतर हे लिहिताना लाज वाटते, पण पुढे लिहायचे आहे ते याहून वाईट आहे.

आम्ही एका बाकावरचे. मी गणितात हुशार आणि तो माझ्या वहीत हुशार. पुढे मी गणिताचा मास्तर झालो, तो गॅरेजात शिरला आणि पुढच्या ॲक्सलचे काम बुलढाण्यात त्यानेच करावे असे नाव त्याने कमावले. घाटाखालच्या शेतांतून चिखल तुडवत येणाऱ्या जुन्या फोर-व्हील पिकअप त्याच्याच दारात उभ्या असत. जीभ मात्र करवतीची. गिऱ्हाईक असो की पाहुणा, चारचौघांत सोलल्याशिवाय सोडायचा नाही. लोक शिव्या घालत उठत आणि गाडी बिघडली की पुन्हा तिथेच येत. निवृत्तीनंतर मीही रोज तिथे जाऊन बसू लागलो. घरी बोलायला कोणी नव्हते, आणि अजाबराव निदान बोलायचा तरी.

त्याच्या डोळ्यांचे फक्त मला ठाऊक होते. समोरच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाला, म्हणून मीच त्याला डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, असे डॉक्टरांनी सांगितले. दवाखान्याच्या पायरीवर त्याने माझा दंड धरला. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितल्याचे आठवत नाही. "कोणाले सांगजो नको बे. मिस्त्रीले दिसत नाही म्हटलं का उद्यापासून एक गाडी येनार नाही." मी शब्द दिला. तेव्हापासून बारीक बघायचे काम माझ्याकडे आले. बोल्टवरचा आकडा मी वाचायचा, भेग मी शोधायची. त्याचा हात आणि माझा डोळा, असे वर्षभर चालले आणि कोणाला पत्ता लागला नाही.

मग शेषरावची पिकअप आली. शेषराव घाटाखाली वांगी-टोमॅटो करणारा, गाडी वीस वर्षांची, पुढचा ॲक्सल मधोमध तडकलेला. खामगावच्या भंगारातून त्याने दुसरा आणला. दिसायला हुबेहूब तसाच. पण अशा कामात अजाबरावचा एक नेम होता, तो मोडून त्याने आयुष्यात ॲक्सल चढवला नाही. एक चाक धरून ठेवायचे, दुसरे बरोबर दोन वेळा फिरवायचे आणि तेवढ्यात मधला शाफ्ट किती फिरतो ते खडूची खूण करून मोजायचे. आधी मागचे, मग पुढचे. दोन्ही आकडे एक आले तरच बोल्ट आवळायचे. आकडे वेगळे असले तर गाडी एरवी नीट चालते, पण चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा टाकला की पुढची चाके एक म्हणतात, मागची दुसरे, आणि मधल्या मधे गिअरपेटी चिरडते. मागचे मी नीट मोजले. चार आणि वर जरासं.

भंगारातल्या ॲक्सलची पाळी आली तोवर दारात सात-आठ जण जमले होते, त्यांत माझे दोन जुने विद्यार्थी. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि अजाबरावला चेव चढला. "पाया पडा, पडा. साऱ्या तालुक्याले गणित शिकवलं यानं, अन् घरच्या पोराले पासापुरते मार्क नाही देता आले!" सगळे हसले. माझा मुलगा दहावीला गणितातच नापास झाला होता, तो पुण्याला निघून गेला आणि तेव्हापासून मला फोन करत नाही, हे त्याला माहीत होते. त्यालाच माहीत होते, कारण मी त्याच्याजवळच रडलो होतो.

तो खाली बसला आणि चाक फिरवू लागला. मी खडूच्या खुणेकडे बघत होतो, पण मोजत नव्हतो. कानशिले तापली होती. "किती बे, मास्तर?" त्याने विचारले. मी म्हणालो, "चार आणि वर जरासं." त्याने मान वर केली, माझ्या तोंडाच्या दिशेने पाहिले आणि शेषरावला म्हणाला, "झालं. यानं मोजलं म्हंजे मोजलं. याचं उत्तर शाळेपासून चुकलं नाही." आणि बोल्ट आवळायला घेतले. त्या वेळी तोंड उघडायला मला अर्धा दिवस होता. स्प्रिंगचे पाटे बसले, जॉइंट बसले, चाके चढली, मी चहा पीत बसून राहिलो. खरे सांगतो, एकदा तरी त्याची फजिती व्हावी असे मला मनापासून वाटत होते.

आठ दिवसांनी झाली. शेतातल्या चिखलातून निघायला शेषरावने दांडा टाकला, तो पुन्हा निघेना. तशीच गाडी त्याने घाटात घातली. तिसऱ्या वळणावर पेटी फुटली, भरलेली पिकअप उलटी घरंगळत कठड्यावर आदळली. जीव वाचला. डावा हात मनगटातून असा मोडला की आजही त्याला त्या हाताने पेला धरता येत नाही.

शेषरावचा भाऊ गॅरेजवर आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने अजाबरावची गचांडी धरली. अजाबराव नुसता माझ्याकडे तोंड करून उभा राहिला... आता बोल, असे. मी बोललो. "त्याला सोडा. त्याला दिसत नाही. वर्षभरापासून काचबिंदू आहे." लोकांनी मला भला माणूस म्हटले. मित्राची बाजू घेतली म्हणे.

त्यानंतर ॲक्सलचे काम आले नाही. आंधळा मिस्त्री हे नाव पोरासोरांच्या तोंडी झाले. ज्यांना ज्यांना त्याने सोलले होते, ते मुद्दाम थांबून विचारायचे, "मिस्त्री, हे बोटं किती?" तो पंक्चर काढू लागला. ट्यूब पाण्यात धरायची आणि बुडबुडा बोटाला लागला की कळायचे. मी जाणे सोडले नाही. सोडले असते तर लोकांना संशय आला असता. एक गोष्ट मात्र बदलली होती. गेलो की तो काहीतरी मोजायला लावायचा. "मास्तर, त्या डब्यातले नट मोज बरं." मी मोजून सांगायचो, तो "हाव" म्हणायचा. कधी पुन्हा मोजायला लावायचा. म्हातारपणाचा चाळा म्हणून मी हसायचो. पाच वर्षे त्याने मला मोजायला लावले आणि मी हसत मोजले.

तेरवी झाल्यावर त्याच्या बायकोने, कांतावहिनींनी, बोलावून घेतले. गॅरेजच्या मागे दोन लाकडी ठोकळ्यांवर शेषरावच्या मोडक्या गाडीतून काढलेला तो भंगारातला ॲक्सल ठेवलेला होता, अंगावर गंजाचा कण नाही. "रोज सकाळी इथं येऊन बसत," वहिनी म्हणाल्या. "चाकाची बाजू फिरवत अन् मोजत. म्या म्हटलं, काऊन मोजता हो? तं म्हने, मास्तरचं गणित तपासून राह्यलो." मी वाकून पाहिले. मधल्या शाफ्टच्या तोंडावर जिथे मी खडूची खूण केली होती तिथे कानशीने खाच पाडलेली होती, अंगठ्याला लागेल अशी. बोटांनी घासून घासून ती गुळगुळीत झाली होती. डोळ्यांशिवाय मोजण्याची युक्ती त्याने शोधली होती. मी नसतो तरी त्याला चालले असते.

"तुम्हाले मोजाले लावजो म्हनले होते," वहिनी म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. एक बाजू दोरीने बांधलेली होती. मी दुसरी धरली, डावा अंगठा खाचेवर ठेवला आणि दोन वेळा फिरवली. सावकाश, मुलांना शिकवावे तसे मोजले. चार झाले, खाच अंगठ्याखालून पुढे निघून गेली, पाऊण फेरी झाली, तिच्याही वर गेली.

"किती, भाऊजी?"

त्या बाईने पाच वर्षे आंधळ्याची बायको म्हणून टोमणे ऐकले होते. आता सांगण्यात कोणाचे काय जाणार होते? माझेच, फक्त माझेच. मी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणालो, "चार आणि वर जरासं."

वहिनी रागावल्या नाहीत. पदराने तो ॲक्सल पुसून त्या उठल्या. "हाव. ते म्हनले होते, तो चारच सांगन."

शेषराव, हा लेख तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवेल. पाचाला थोडे कमी होते.