शबानाच्या नावावर केलेली नोंद

"झेडपीच्या शाळेतली पोरगी हाय ते. बटन दिसलं का दाबलं. आपली कॉन्व्हेंटवाली पाहा — एकदा तरी चुकली काय?"

सर केबिनमध्ये अकाउंटंटशी बोलत होते, दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर पाण्याची बाटली भरत उभी होते. कॉन्व्हेंटवाली म्हणजे मी. खरं सांगू? ते ऐकून मला आधी बरं वाटलं. भीती नंतर वाटली.

त्यानंतर सव्वा वर्ष मी हे कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, डायरीतही नाही. आता लिहायला बसलेय तर सरळ मुद्द्यावर यायला हवं, पण मन आजूबाजूलाच फिरतंय. फिरू दे थोडं.

आमचं ऑफिस यवतमाळात, एका औषधाच्या दुकानाच्या वर. पाच खुर्च्या. दूरच्या एका छोट्या विमान कंपनीचे वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या नोंदी आम्ही ठेवतो. कुणाची वैद्यकीय तपासणी कधी संपते, कुणाचं कोणतं प्रशिक्षण राहिलंय — सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. मुदत उलटली की नाव लाल होतं, आणि लाल नावाला ड्युटी लागत नाही. हिरवं झालं की लागते. आमच्यापैकी कुणीही विमानात बसलेलं नाही. तरी कुणी उडायचं हे आमच्या टिकवर ठरतं.

शबाना माझ्या शेजारी बसायची. ढाणकीची, वडील मोटरपंप दुरुस्त करतात. मला काम तिनेच शिकवलं. इंग्रजी मेल आला की ती खुर्ची माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "घे मॅडम, तुह्या माहेरचं पत्र आलं." मी कमी बोलते हे तिला चालायचं. ती दोघींचं बोलायची.

लॉगिन एकच होतं, तिच्या नावाचं. दुसरं सरांनी घेतलंच नाही. ती जेवायला उठली की मी तिच्या जागेवर बसून काम पुढे न्यायचे. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मग चौकशीच्या दिवशी ते कुणालाच कसं आठवलं नाही? पण आठवण करून द्यायचं काम कुणाचं होतं — माझंच ना?

वर्षातून एकदा क्रूचा सराव होतो. केबिनमध्ये धूर भरला तर बाहेर कसं पडायचं, आपत्कालीन दार कसं उघडायचं. हजेरीचा कागद स्कॅन होऊन आमच्याकडे येतो. एकेक सही पाहायची, एकेका नावापुढे टिक करायची. त्या दुपारी शबाना डबा खायला गेली होती. घाई नव्हती. कुणी मागे लागलं नव्हतं. मला कंटाळा आला होता, एवढंच. वर 'सगळे निवडा' असा चौकोन असतो, त्यावर मी टिक केली. चौदा नावं एकदम हिरवी झाली.

कागदावर सह्या तेरा होत्या. एक सहवैमानिक तापामुळे सरावाला गेलाच नव्हता.

तो तसाच नऊ दिवस उडाला. काही झालं नाही — हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय. त्याच्या मागे बसलेल्या माणसांना काय माहीत होतं? मग कंपनीच्या तपासणीत ती नोंद सापडली. सॉफ्टवेअरने नोंद करणाऱ्याचं नाव दाखवलं — शबाना.

इथवर चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पुढे मी जे केलं, ती नुसती चूक नव्हती.

शबानाने मला विचारलं होतं. एकदाच, हळू आवाजात, "त्या दिवशी माह्या कम्प्युटरवर तू बसलती का वं?"

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मंग माह्याच हातून झालं असंन."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःवरचा सोडला. महिनाअखेरीस सरांनी तिला काढलं. मी तिला स्कूटीवर बसस्टँडला सोडायला गेले. वाटेत म्हटलंसुद्धा — होतं गं असं कधीकधी. माफ केल्यासारखं बोलले मी. मी — तिला.

गेल्या शनिवारी ती आमच्या घरी आली. नागपुरात विमानदुरुस्तीच्या एका कंपनीत मेकॅनिकांच्या परवान्यांच्या नोंदी ठेवायचं काम होतं. तिची मुलाखत झाली होती. जुन्या सहकाऱ्याशी बोलून ते ठरवणार होते, आणि तिने माझं नाव दिलं होतं. अकराला फोन येणार, म्हणून पहाटेची एसटी धरून आली. आईने केलेले पोहे तसेच समोर ठेवून बसली होती. फोन वाजला तेव्हा स्पीकर तिनेच लावला.

पलीकडच्या बाई दोन वाक्यं इंग्रजीत बोलून मराठीवर आल्या. म्हणाल्या, "आधीच्या ठिकाणी आपल्या हातून चुकीची नोंद झाली होती, असं शबाना यांनी स्वतःच अर्जात लिहिलंय. पुन्हा असं होईल का? तुम्हाला काय वाटतं?"

शबाना माझ्याकडे पाहत होती. उत्तर माझ्याकडे तयार होतं — ती त्यातून शिकली आहे, आता फार काळजी घेते. तेवढं पुरलं असतं. तिला नोकरी मिळाली असती, आणि वर तिने माझे आभार मानले असते.

"मॅडम," मी म्हटलं, "ती नोंद शबानाने केली नव्हती. मी केली होती. तिने मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. ती इथे माझ्यासमोर बसली आहे, आणि तिलाही हे आत्ताच कळतंय."